डिस्पॅरिटी म्हणजे काय गो?

ताईचं लग्न झालं तेव्हा मी नववीत होते. आमचं घर आचऱ्याला, बाजारात बाबांचं कापडाचं दुकान, आणि आम्ही दोघीच बहिणी. ताईचं सासर तारकर्लीचं. मुलगा मुंबईला एका मोठ्या कंपनीत क्लार्क, घराभोवती माडांची बाग, वडील नव्हते, आई होती, थोरला भाऊ गावातच. स्थळ आणलं ते बाबांच्या ओळखीच्या एका नारळाच्या व्यापाऱ्यानं. आम्ही त्यांना काका म्हणत असू. ताई एसएससी पास होती, दिसायला माझ्यापेक्षा उजवी होती आणि स्वयंपाकात तिचा हात धरणारं आमच्या वाडीत कोणी नव्हतं. मुलाकडच्यांनी फार काही विचारलं नाही. ती घरात राहील ना, एवढंच विचारलं. म्हणजे गावच्या घरात. मुलाची मुंबईत स्वतःची जागा नव्हती, गावकऱ्यांच्या खोलीत दहाबारा पुरुषांमध्ये तो पथारी टाकत होता.

"खोली झाली की घेवन जातलो," असं काकांनीच त्याच्या वतीनं सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे तेव्हा अर्ध्या बायका अशाच नांदत होत्या, नवरा मुंबईत आणि त्या गावात. त्याला कोणी दुःख म्हणत नसे, रीत म्हणत.

भावोजी मला आवडायचे. आज हे लिहिताना पेन अडतं, पण आवडायचे. गणपतीला आणि मे महिन्यात ते घरी येत, ताईला घेऊन एक दिवस तरी आचऱ्याला येत, आणि येताना माझ्यासाठी इंग्रजी वर्तमानपत्रांची चळत आणत. कंपनीतल्या साहेबांनी वाचून टाकलेली ती वर्तमानपत्रं ते जपून ठेवत. मला पडवीत समोर बसवून मोठ्यानं वाचायला लावत. आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे मास्तर भूगोलही शिकवत आणि दोन्ही विषय एकाच सुरात म्हणत. इंग्रजी ही बोलायची भाषा आहे हे मला भावोजींमुळे कळलं. मी दहावी झाल्यावर बाबा मला घरी बसवायच्या विचारात होते. तेव्हा त्यांना पटवलं तेही भावोजींनीच.

"चेडू हुशार आसा. शिकांदे तेका," ते म्हणाले. तेव्हा ते आमच्याशी मालवणीच बोलत.

एका मे महिन्यात ते असेच पडवीत बसून वाचत होते आणि एकदम त्यांनी वर्तमानपत्रावर हाताची चापट मारली. पगारांबद्दलचा काहीतरी लेख होता. मी वाकून पाहिलं. एका शब्दाखाली त्यांचं बोट होतं. डिस्पॅरिटी. मी आजूबाजूची वाक्यं वाचून अंदाज केला आणि म्हटलं, "म्हणजे फरक?"

"फरक नाय," ते म्हणाले. "ते दोन माड बग. एक उंच, एक ठेंगणो. तो फरक. कोण कोणाच्या डोक्यार बसणा नाय. डिस्पॅरिटी म्हणजे एक वर आणि एक खाली. आणि खालच्याची काय चूक नसताना खाली."

मग त्यांनी आपल्या साहेबाचं उदाहरण दिलं. काम हे करतात, सही साहेब करतो, आणि पगाराच्या दिवशी दोघांची पाकिटं शेजारी ठेवली तर यांचं पाकीट दिसतसुद्धा नाही. बोलताना त्यांचा आवाज चढला होता. आतून ताई पाणी घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. ते थोडे निवले आणि मला शब्द कसा वापरायचा ते सांगू लागले. दोन शर्टांत डिफरन्स असतो, दोन माणसांच्या ताटात डिस्पॅरिटी असते. पुढे बिटवीन लावायचं, नाहीतर इन. डिस्पॅरिटी इन पे.

"इसरू नको," ते म्हणाले. मी विसरले नाही.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ताईच्या सासूला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही अर्धी गेली. थोरल्या जावेची मुलं लहान होती, शिवाय बागेचं काम तिच्याकडे. म्हातारी ताईच्या वाट्याला आली. मी तोवर मालवणला कॉलेजात जाऊ लागले होते. शनिवारी कॉलेज सुटलं की कधीकधी तारकर्लीला चालत जाई. मी पोचायची तेव्हा ताई हमखास विहिरीवर असायची. म्हातारीची दुपटी, लुगडी धुऊन माडांना बांधलेल्या दोरीवर वाळत घालत असायची. विहिरीचं पाणी मचूळ, साबण फेस धरत नसे. तिच्या बोटांची सालं निघालेली असत. म्हातारीला कुशीवर वळवायची ती एक हात मानेखाली आणि एक कमरेखाली घालून, श्वास रोखून. पेज भरवताना म्हातारी अर्धी पेज तोंडातून सोडून द्यायची, आणि ताई ती पुन्हा चमच्यात घ्यायची.

मी विचारी, "भावोजी काय म्हणतत?"

"परीक्षेचो अभ्यास करतत," ती सांगे. कंपनीत खात्याच्या परीक्षा असत. त्या दिल्या की वर चढता येई. भावोजी कामावरून आले की रात्री अभ्यासाला बसत. सुट्टीत येत तेव्हा म्हातारीच्या उशाशी बसत, तिचा हात धरत, आणि ताईला म्हणत, "तू आसस म्हणान माका काळजी नाय." ताईनं हे वाक्य मला एकदा नाही, अनेकदा सांगितलं. तिच्यापाशी त्यांनी दिलेलं दुसरं फारसं काही नव्हतं.

ते परीक्षा पास झाले. मग दुसरी पास झाले. ऑफिसर झाले. आमच्यासाठी येणारी वर्तमानपत्रं बंद झाली, कारण आता ते स्वतःच साहेबांमध्ये होते आणि शिळी वर्तमानपत्रं गोळा करणं शोभत नव्हतं. आमच्याशी ते हळूहळू पुस्तकी मराठीत बोलू लागले. आधी 'माका' मधूनच 'मला' व्हायचं, मग 'माका' गेलंच. कंपनीनं त्यांना क्वार्टर दिलं, दोन खोल्या आणि गॅलरी. हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं नाही. आचऱ्याचा एक माणूस मुंबईहून आला, तो दुकानात बाबांना सहज बोलून गेला, "जावयांची जागा बगून इलंय. समोर समुद्र दिसता."

बाबांनी ते घरी येऊन सांगितलं. आईनं देवापुढे साखर ठेवली.

सासू पावसाळ्यात गेली. भावोजी आले, तेराव्यापर्यंत राहिले. जाताना ताईला म्हणाले, दिवाळीनंतर बघू. दिवाळी गेली. ताईनं तोवर आपली ट्रंक पुसून ठेवली होती, दोन चांगली लुगडी वेगळी काढली होती, लोणच्याच्या दोन बरण्या भरल्या होत्या. मे महिन्यात ते आले तेव्हा तिनं पहिल्यांदा तोंड उघडून विचारलं, कधी निघायचं. ते दाढी करत होते. आरशातूनच त्यांनी सांगितलं, "तू इथेच बरी आहेस."

त्या दिवशी ताई कोणाला न विचारता मालवणपर्यंत चालत आली आणि एसटीनं आचऱ्याला उतरली. हातात फक्त एक पिशवी.

आई दारातच म्हणाली, "एकटीच इलंस?"

ताई म्हणाली, "म्हणतत, तू हयच बरी आसस." आणि आत जाऊन पाणी प्यायली.

बाबांनी काकांना निरोप पाठवला. लग्न त्यांनी जमवलं होतं, तेव्हा आता त्यांनीच यावं हे रीतीला धरून होतं. तीनचार दिवसांत सगळे आमच्या पडवीत जमले. काका, बाबा, भावोजी आणि त्यांचे थोरले भाऊ. दुपारची वेळ होती. आम्ही तिघी बायका आतल्या दाराआड. मी बी.ए.ची शेवटची परीक्षा नुकतीच दिली होती, इंग्रजी घेऊन.

काकांनी सुरुवात केली. "आता नोकरी आसा, जागा आसा. आवस गेली, तिचा सगळा तुज्या बायलेन केल्यान. मगे तिका नेवक अडचण काय?"

भावोजी पांढऱ्या शर्टात होते. त्यांनी पंचाऐवजी घडीचा रुमाल काढून कपाळ पुसलं. "अडचण अशी नाही," ते म्हणाले. "परिस्थिती बदलली आहे. तिथलं माझं वर्तुळ वेगळं आहे. घरी साहेबलोक येतात, त्यांच्या बायका येतात, इंग्रजीत बोलणं होतं. ती तिथे अवघडून जाईल. मी तिच्याच भल्याचा विचार करतो आहे."

थोरले भाऊ जमिनीकडे बघत होते. ते साधे गृहस्थ होते. त्यांना हे सगळं नकोसं वाटत होतं हे दिसत होतं.

बाबा म्हणाले, "म्हणजे नक्की काय ता सांगा."

भावोजी अडले. ते शब्द शोधत होते हे मला दारातून दिसत होतं. मालवणीत त्याला शब्द होता, मराठीत होता. बायको टाकली, म्हणतात. पण तो शब्द उच्चारला की टाकणारा कोण तेही सांगावं लागतं. म्हणून ते तिसऱ्या भाषेकडे गेले.

"आमच्या दोघांत डिस्पॅरिटी आहे," ते म्हणाले.

काकांनी बाबांकडे पाहिलं, बाबा समोरच्या खळ्याकडे बघत राहिले. मग काकांनी मान वळवून दाराकडे पाहिलं आणि मला हाक मारली. "बाय, हय ये वायच. तू शिकलेली. डिस्पॅरिटी म्हणजे काय गो?"

मी बाहेर आले. ताई माझ्या मागेच होती, तिचा हात चौकटीवर होता. सांगायला माझ्याकडे शब्द होते. फरक म्हणता आलं असतं. अंतर म्हणता आलं असतं, ते जरा गोड वाटतं. तफावत म्हणता आलं असतं, पण तो शब्द आमच्याकडे फक्त तलाठ्याच्या तोंडी ऐकू यायचा. मी भावोजींकडे पाहिलं आणि मला जसं शिकवलं होतं तसंच सांगितलं.

"नुसतो फरक नाय. डिस्पॅरिटी म्हणजे एक वर आणि एक खाली. खालच्याची काय चूक नसताना खाली. ते म्हणतत, ते वर गेले आणि ताई खाली रवली."

काकांच्या हातातली विडी तशीच राहिली. थोरल्या भावानं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. भावोजींचे कान लाल झाले.

"मी असं म्हटलेलं नाही," ते म्हणाले. "ही शब्द ताणते आहे."

"ह्यो अर्थ तुमीच माका शिकवलास," मी म्हटलं. "ह्याच पडवीत."

"मला आठवत नाही."

ते खोटं बोलत होते असं मला तेव्हा वाटलं. पुढे कितीतरी वर्षं मी यावर विचार केला, आणि आता मला वाटतं ते खरंच बोलत होते. वर गेल्यावर त्यांना खालून कसं दिसतं हे लक्षात ठेवायची गरज उरली नव्हती.

"डिक्शनरी आहे ना घरात? आणा," ते म्हणाले. मी इंग्रजी-मराठी कोश आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी पान काढलं, बोटानं ओळ धरली आणि मोठ्यानं वाचलं, "भिन्नता." आणि कोश मिटला.

"फुडचा वाचा," मी म्हटलं. "असमानता आसा. तफावत आसा."

"पुरे," बाबा म्हणाले. मला. "आत जा."

मी आत गेले. काकांचा जीव मोकळा झालेला माझ्या पाठीमागे ऐकू येत होता. "भिन्नता," ते म्हणाले. "मगे ती खंय नसता? हाताची पाच बोटा सारकी आसतत काय? आमच्या घरात मी तिखट खातंय, माज्या बायलेक गोड होया. म्हणान काय आमी वेगळे झालो?" कोणीतरी हसलं. मग थोरले भाऊही बोलू लागले. भिन्नता हा शब्द सगळ्यांच्या सोयीचा होता. त्याच्यावर बसता येत होतं, पाय पसरता येत होते. तासाभरात ठरलं. ताईनं तारकर्लीला परत जायचं. भावोजींनी दर महिन्याला मनिऑर्डर पाठवायची. मुंबईचं पुढच्या मे महिन्यात बघायचं.

दाराआडून ताईनं विचारलं, "खंयच्या वर्साचो मे?"

आईनं तिच्या हातात सरबताचे पेले दिले. तिनं ते बाहेर नेऊन दिले, भावोजींनाही दिला, आणि त्यांनी तो घेतला.

सगळे गेल्यावर आईचा सगळा राग माझ्यावर निघाला. "तुका गप रवाक काय झाला होता? फरक म्हटला आसता तर तुजा तोंड झडला आसता?" दुसऱ्या दिवशी विहिरीवर ऐकू आलं की शिकलेल्या बहिणीनं थोरलीचा संसार मोडायला आणला होता, म्हाताऱ्यांनी सावरला. शब्द ज्यानं आणला त्याचं नाव कुठे नव्हतं. अर्थ सांगणारी मात्र वाडीवाडीत पोचली.

ताई निघाली तेव्हा मी तिला एसटीवर पोचवायला गेले. भावोजी पुढे चालत होते. मी तिला म्हटलं, चुकलं का माझं. ती म्हणाली, "नाय. तेंच्या मनात काय आसा ता इतक्या वर्सांत माका कोणी सांगूक नाय. तुज्यामुळे कळला. आता वाट बगूक नको माका." ती हे रडत म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. बाजारात मीठ महागलं असं सांगावं तशी म्हणाली.

मी बाबांशी बोलणं सोडलं होतं. घरात दोनच माणसं आणि एक न बोलणारी, हे किती दिवस चालणार. एका सकाळी आईनं मला न्याहारी देऊन दुकानात पाठवलं. गिऱ्हाईक नव्हतं. बाबा मांजरपाटाचं ठाण उलगडून पुन्हा घडी घालत होते. मला राहवलं नाही.

"तुमका त्या शब्दाचो अर्थ कळाक नाय," मी म्हटलं. "म्हणान तुमी तेंचा ऐकलास."

बाबांनी घडी पुरी केली. ते जुन्या काळचे मॅट्रिक होते, पण मी जन्मापासून त्यांच्या तोंडून इंग्रजी कधी ऐकलं नव्हतं. दुकानात ते मराठी वर्तमानपत्र वाचत, तेही शेवटच्या पानापासून.

"डिस्पॅरिटी इज नॉट डिफरन्स," बाबा म्हणाले. उच्चार जुने होते, पण स्वच्छ. "माका अर्थ तुज्या आदी कळलो. तो तोंडातून काडता, तेवाच कळलो."

पेजेचं भांडं माझ्या हातातच होतं.

"तू अजून लग्नाची आसस," ते म्हणाले. "मोठी घरात येवन बसली तर धाकटीक कोण विचारतलो? नांदता, येवढा म्हणाक गावाक होया. तिका परत धाडली ती तुज्यासाठी." मग त्यांनी पुढचं ठाण ओढलं आणि म्हणाले, "पेज थंड होता. ठेव ती."

त्या दिवसापर्यंत माझा राग सरळ होता. एका माणसावर होता. त्या दिवसानंतर तो कुठे ठेवायचा ते मला कळेनासं झालं. बाबांनी दोन मुली तराजूत घातल्या होत्या, आणि जड पारडं माझं ठरलं होतं. मी ते मागितलं नव्हतं. ताईला कोणी विचारलं नव्हतं.

दीड वर्षात माझं लग्न ठरलं. खारेपाटणचं घर, मुलगा हायस्कुलात शिक्षक, मीही बी.एड. करून शिकवावं असं त्याचं म्हणणं. बघायला आले तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "मोठी मुलगी कुठे असते?"

"तारकर्लीक," बाबा म्हणाले. "नांदता." त्यांच्या चेहऱ्यावर रेघ हलली नाही. सासऱ्यांनी पुढे काही विचारलं नाही.

लग्नाला ताई आठवडाभर आधी आली. लाडू वळले तिनं, रुखवत मांडलं तिनं, मंडपाला झावळ्या कमी पडल्या तर माणूस पाठवून आणवल्या तिनं. भावोजी आले नाहीत, त्यांनी आहेर पाठवला. माझी ओटी ताईनं भरली, हिरव्या बांगड्या भरलेल्या हातांनी. बायका आपापसांत काय कुजबुजत होत्या ते तिलाही ऐकू येत होतं आणि मलाही. मी मान वर केली नाही. ती नवरीची लाज समजली गेली.

नवरा वाईट निघाला असता तर एक वेळ मन शांत झालं असतं. तो चांगला निघाला.

खारेपाटणला मी इंग्रजी शिकवू लागले. नववी-दहावीच्या मुलांना समानार्थी शब्द पाठ करायची हौस असते. निबंधात वजन यावं म्हणून ते डिफरन्सच्या जागी डिस्पॅरिटी घालतात. गुलाब आणि जास्वंद यांत डिस्पॅरिटी आहे, असं लिहितात. मी ते लाल शाईनं खोडते. दोन फुलांत डिस्पॅरिटी नसते, असं समासात लिहिते. एकदा एका मुलीनं विचारलं, मग कशात असते, बाई? मी पगाराचं उदाहरण दिलं. पाठ्यपुस्तकाला तेच पुरतं.

पुढे बाबांना दम्यानं धरलं. आईच्यानं एकटीला होईना, तेव्हा ताई तारकर्लीहून आली. तिच्या थोरल्या दिरांनी अडवलं नाही. मनिऑर्डर तोवर एक महिना येऊन दोन महिने चुकू लागली होती. मुंबईच्या त्या दोन खोल्यांत एक बाई राहू लागली होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कोणी तिला बायको म्हणे, कोणी म्हणत नसे. ताईनं बाबांना उठवलं, बसवलं, भरवलं. या कामात आता तिला कोणी काही शिकवायची गरज नव्हती. बाबा गेले, आणि दुकान तीच उघडू लागली. गिऱ्हाइकाशी ती कमी बोले आणि उधार देत नसे.

बाबांच्या वर्षश्राद्धाला मी आचऱ्याला गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात ताईसोबत बसले होते, तर समोर भावोजी. अंगानं सुटले होते, केस मागे गेले होते. मला नमस्कार केला, बाबांबद्दल चार शब्द बोलले. मग ताईकडे वळून सांगू लागले. दोघांच्या संमतीनं कायद्यानं वेगळं होता येतं. कोर्टात दोनदा यावं लागेल, वकिलाचं सगळं ते बघतील, तिला एकरकमी काही देतीलही. दोघांच्या दृष्टीनं हेच बरं. हे सगळं त्यांनी शुद्ध मराठीत सांगितलं, चांगलं सांगितलं.

ताई परकराचं कापड मोजत होती. ते पुरं मोजून, फाडून, बांधून तिनं बाजूला ठेवलं.

"तुमका घाई आसा," ती म्हणाली. "माका नाय. माका खंय जावचा आसा?"

"विचार कर," ते म्हणाले. "यात तुझंही भलं आहे."

"माज्या भल्याचा तुमी पयलाच केलास."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं अशी त्यांची अपेक्षा होती. मी ताईनं बांधलेलं कापड उचलून फळीवर ठेवलं. ते दुपारच्या एसटीनं गेले. नंतर ते आणखी दोनदा आले, एकदा त्यांनी काकांनाही पाठवलं. ताईनं सही दिली नाही.

त्या दिवशी ते गेल्यावर मी तिला म्हटलं, सही दे ताई, सुटशील. ती म्हणाली, "सुटान खंय जातलंय?"

"माझ्याकडे ये."

"तुज्या सासरच्यांका काय सांगतलंस?" तिनं विचारलं. "तेंका तर मी नांदतंय म्हणान सांगलेला आसा."

सासऱ्यांना तेव्हाही तेच माहीत होतं; ताई आईच्या सोबतीसाठी माहेरी आली आहे, असं मी त्यांना सांगितलं होतं.

ताई चांगली राहिली असं मला सांगता येणार नाही. ती कडवट होत गेली. आईशी ती क्षुल्लक कारणावरून भांडे, शेजाऱ्यांशी कुंपणावरून भांडे. मी मुलांना घेऊन मे महिन्यात जाई तेव्हा मुलांचे ती खूप लाड करी, त्यांना दुकानातल्या हव्या त्या कापडाचे कपडे शिवून देई. माझ्याशी मात्र जेवढ्यास तेवढं. नवऱ्याची बदली, माझा पगार, मुलीचा नंबर, असं काही मी सांगू लागले की ती ऐकून घेई आणि म्हणे, "तुजा बरा आसा." त्यात शाप नव्हता, कौतुकही नव्हतं. मग ती दुकानाच्या चाव्या घेऊन उठे, आणि मी आईजवळ बसून राही.